नो डिस्क! तुमचा सीडी प्लेयर कशावरून अडून बसतो?

बऱ्याच घरांत अजून एक म्हातारा सीडी प्लेयर असतो. तो धड वाजत नाही आणि धड मरतही नाही. एक सीडी मुकाट घेतो, दुसरी ओकून टाकतो. एकटे असताना छान चालतो आणि पाहुण्यांसमोर हमखास ‘नो डिस्क’. हा धागा त्याच्या लहरींसाठी. तुमचा प्लेयर नेमका कशावरून रुसतो, तुम्ही त्याला कसं मनवता, कारण सापडलं का, ते सगळं लिहा. ‘टाकून द्या, मोबाइलवर सगळं मिळतं’ हा सल्ला तेवढा नको, तो घरात रोज मिळतोच.

सुरुवात मी करते. आमचा डेक नव्वदच्या दशकातला, जपानी, उचलताना कंबर सांभाळावी लागते असा. दुकानातून विकत घेतलेली कुठलीही सीडी तो आजही वाजवतो. घरी रेकॉर्ड केलेली घातली की आत जरा घरघरतो आणि मग ‘नो डिस्क’. छापील सीडीत ॲल्युमिनियमचा थर असतो, तो अंगावर पडलेल्या लेसरपैकी साधारण ७० टक्के किंवा जास्त प्रकाश परत पाठवतो. घरी लिहायच्या सीडीत मध्ये रंगाचा थर येतो, तिथे परतणारा प्रकाश थोडा घटतो. पुसून पुन्हा लिहिता येते ती सीडी तर जेमतेम १५ ते २५ टक्के परत देते. थकलेल्या लेसरला मग समोर सीडी आहे हेच दिसत नाही, म्हणजे आमचा डेक बिचारा खरंच बोलत असतो. पंचाईत अशी की आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या भाच्याने अशाच सीडीवर उतरवून दिल्यात. लॅपटॉपवर वाजतात, पण आईला त्या ‘मोठ्या पेटीवर’च ऐकायच्या असतात. निळसर थराच्या सीडीला आमचा डेक ठाम नकार देतो, सोनेरी थराची लागली तर लागते. चला, आता तुम्ही.

चिपळूणकर

आमच्याकडे प्लेयरचा रुसवा मृगापासून सुरू होतो आणि दसऱ्याला संपतो. कोकणातली हवा तुम्हाला सांगायला नको. लेन्सवर दमट वाफ धरते, उन्हाळ्यात तीच सीडी, तोच प्लेयर, काही तक्रार नसते. उपाय घरगुती आहे. काचेच्या कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवलाय आणि पावसाळ्यात प्लेयर आधी तासभर नुसता चालू ठेवायचा, सीडी न घालता. आतली हवा कोमट झाली की मग घालायची. कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी येते हे सगळ्यांना माहीत असतं, पण सीडीलाही येते. २००१ मध्ये मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून आणलेल्या सीडीवर बुरशीने आतला ॲल्युमिनियमचा थरच खाल्लेला सापडला होता. हवा तिथलीही दमट आणि उष्णच.

आणखी एक. २२ जुलै २०२१ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं. प्लेयरही चिखलात होता, तो नंतर उठलाच नाही. सीडी मात्र नळाखाली धुतल्या, मऊ फडक्यावर निथळत ठेवल्या, आणि त्यातल्या बहुतेक आज वाजतात. कव्हरमधले कागद एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला. त्यामुळे कुठल्या सीडीत काय आहे हे लावल्याशिवाय कळत नाही. भजन समजून लावावी आणि बालगीतं निघावीत, असं चालतं.

पुणेकर, पूर्वी दुरुस्ती करायचो

‘लेन्स गेली’ हे वाक्य मी इतकं ऐकलंय की आता हसू येतं. गिऱ्हाईक तेच म्हणत यायचं आणि पुष्कळ कारागीरही न उघडता तेच सांगायचे, कारण लेन्स बदलली की बिल होतं. मी आधी कान लावायचो.

ट्रे आत गेला की लेसरची गाडी अगदी आतल्या टोकाला येते. तिथे एक छोटा स्विच असतो, तो दाबला गेला की तिला आपला ठावठिकाणा कळतो. मग लेन्स वर-खाली होत नेम शोधते. नेम धरला की सीडी फिरायला लागते आणि सगळ्यात आतल्या कडेवरची अनुक्रमणिका वाचली जाते: गाणी किती, कुठलं कुठून सुरू. ती वाचली तरच पडद्यावर आकडा येतो, नाहीतर ‘नो डिस्क’. सीडी आतून बाहेर वाचतात, एलपी (ग्रामोफोनची तबकडी) बाहेरून आत, हे लक्षात घेतलं की निम्मी कोडी सुटतात. आतल्या कडेला सीडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, बाहेर पोचेपर्यंत ते २०० वर येतात. थकलेली मोटर म्हणूनच अगदी सुरुवातीला हरते. तुम्ही सीडी बोटाने हलकेच फिरवून ट्रे ढकलता आणि ‘चमत्कार’ होतो तो याचमुळे. उलट पहिली चार-पाच गाणी सुरेख आणि पुढे अडखळ असेल तर मी आधी रूळ बघायचो. वीस-पंचवीस वर्षांत त्यावरचं ग्रीस वाळून त्याचा मेणासारखा गोळा होतो. जुनं पुसून नवं थोडंसं लावलं की काम झालं. गिऱ्हाईकाला मात्र एवढ्याशा कामाचे पैसे द्यायला जिवावर यायचं.

लेन्स पुसायची तर चांगलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी आणि हात अगदी हलका, कारण लेन्स केसासारख्या बारीक तारांवर तरंगत असते. नखं रंगवणाऱ्यांचं रिमूव्हर चुकूनही नको, लेन्स प्लास्टिकची असते. आणि उघड्या प्लेयरमध्ये सरळ वरून डोकावू नका. तिरकं बघितल्यावर दिसतो तो लालसर ठिपका फसवा आहे. खरा लेसर ७८० नॅनोमीटरचा, जवळपास अदृश्य, डोळ्याला कळत नाही पण इजा करू शकतो.

पिकअपवर, म्हणजे लेसर आणि लेन्स बसवलेल्या भागावर, एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून लेसरचा जोर वाढवता येतो. ‘एका मिनिटात चालू करून देतो’ म्हणणारे तोच फिरवतात. प्लेयर चालतोही, मग काही महिन्यांत लेसर कायमचा झोपतो. तपकीर गल्लीतून नवा पिकअप आणून स्वतः बसवणाऱ्यांसाठी: त्यावर सोल्डरचा एक टिपका मुद्दाम लावलेला असतो, कारण हातातल्या स्थिर विजेनेही लेसर जळतो. केबल जोडल्यावर तो टिपका काढायचा असतो. हे ठाऊक नसल्यामुळे ‘नवीनही खराब निघाला’ म्हणून किती चांगले पिकअप कचऱ्यात गेले असतील!

डोंबिवलीकर

पुणेकर, तुम्ही ‘आतून बाहेर’ म्हणालात आणि माझं एक जुनं दुःख उलगडलं. माझ्याकडे सगळ्या शास्त्रीय संगीताच्या सीडी. विलंबित, द्रुत, मध्ये एखादी ठुमरी आणि शेवटी भैरवी. शेवटची गोष्ट म्हणजे सीडीची बाहेरची कड. आपण सीडी धरतो कडेने, बोटांचे ठसे तिथेच, सीडी जरा वाकलेली असेल तर डगमगही तिथेच जास्त. म्हणून माझ्या प्लेयरवर मैफल रंगते, पण तिला भैरवी नसते! बायको म्हणते बरंच आहे, रात्री जेवायला वेळेवर येतोस.

दुसरा वैताग ख्यालाचा. पन्नास-पंचावन्न मिनिटांचा अख्खा ख्याल म्हणजे एकच ट्रॅक. द्रुत ऐन रंगात आली की तानेचा एक तुकडा अडकतो. टिक टिक टिक. पुढचा ट्रॅक दाबला तर राग बदलतो, मागचा दाबला तर पुन्हा आलापीपासून. बोट दाबून पुढे सरकवायचं म्हटलं तर म्हातारा कुठे जाऊन उतरेल त्याचा नेम नाही. कॅसेटवर निदान अंदाजाने दोन तानांच्या पुढे जाता यायचं.

नागपूरकर

दमट हवेचं ऐकून हेवा वाटला. आमच्याकडे उन्हाळ्यात ट्रेचा रबरी पट्टा ढिला पडतो, मोटर नुसतीच गुरगुरते आणि ट्रे उघडत नाही. पट्टा पंधरा-वीस रुपयांचा, पण तो काढायला अर्धा प्लेयर खोलावा लागतो. गाडीतल्या प्लेयरची गंमत वेगळी. पूर्वी सीडीवर छापील स्टिकर चिकटवायची हौस होती. मे महिन्यात बंद गाडीत त्या स्टिकरचा गोंद सुटला, कागद आतल्या आत गुंडाळला गेला आणि सीडी ना आत ना बाहेर. मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडला तेव्हा साहेब निम्मे त्या यंत्रातच राहिले होते, कारण स्टिकरवर माझ्या साहेबांच्या मुलीच्या लग्नाचा फोटो होता.

मडगावकर

आमचा ट्रे उलट फार मनमोकळा. बटण न दाबताच उघडतो, कुणाची वाट बघितल्यागत थांबतो, आपला आपण मिटतो. मध्यरात्रीसुद्धा. आजीने त्याला भूत ठरवून टाकलं होतं. ट्रे कुठवर आला हे सांगणारी पितळी पात असते, खाऱ्या हवेने तिच्यावर गंज चढलेला. बारीक पॉलिश पेपर फिरवला आणि भूत गेलं. आजीच्या तियात्रांच्या (कोकणी नाटकांच्या) कांतारांच्या, म्हणजे गाण्यांच्या, सीडी त्यावर दिवसभर वाजायच्या. मला मराठी नाट्यगीतं लावायची असली की आजी झोपायची वाट बघावी लागे, आणि नेमकी तेव्हाच ही ट्रेची उघडझाप.

इंग्लंडहून

माझा अनुभव उलटा आहे, कारण इथे प्लेयर निर्दोष निघाला. काही ठरावीक सीडी शेवटच्या गाण्यांत खरखरायच्या, म्हणून प्लेयर बदलला, तरी तेच. मग त्या सीडी उजेडात धरल्या तर कडेपासून तांबूस, काशाच्या भांड्यासारखा रंग चढलेला. इथल्या संग्राहकांना हे चांगलंच ठाऊक आहे: १९८८ ते १९९३ च्या दरम्यान लँकेशायरमधल्या एका कारखान्यात निघालेल्या अनेक सीडी अशा तांबूस होत गेल्या, कारण वरचं लॅकर (संरक्षक लेप) कव्हरच्या कागदातल्या गंधकाला टिकलं नाही. आतला चमकता थर कडेकडून काळवंडत आत येतो. तेव्हा प्लेयरला शिव्या देण्याआधी सीडी ट्यूबलाइटसमोर धरून बघा.

नाशिककर

लहानपणी काका दुबईहून प्लेस्टेशन घेऊन आले होते, पहिलंवहिलं, करड्या रंगाचं. दोन-तीन वर्षांत सीडी वाचेनासं झालं. शेजारच्या दादाने ते सरळ पालथं घातलं आणि चालू! आम्हाला ती जादू वाटली. त्या यंत्रात लेसरची गाडी प्लास्टिकच्या रुळावर चालायची. रूळ झिजला की गाडी खाली बसते आणि नेम चुकतो, पालथं केलं की गाडी दुसऱ्या बाजूला टेकते. त्यानंतर घरात काहीही बिघडलं की आई म्हणायची, आधी पालथं घालून बघा.

कोल्हापूरकर

माझी सीडी म्हणजे व्हीसीडी आहे, चालेल ना? आमच्या लग्नाची. व्हीसीडीत तासा-सव्वा तासाचंच चित्र मावायचं, म्हणून कॅमेरावाल्याने दोन सीडी दिल्या. भाग १ मध्ये हळदी, देवक, सीमांतपूजन, सगळी नातेवाईक मंडळी जेवताना. तो आजही चकाचक दिसतो. भाग २ प्लेयर घेतच नाही. म्हणजे पंचवीस वर्षं आमचं लग्न अंतरपाटापाशी थांबलंय. खालून सीडी स्वच्छ आहे, एक ओरखडा नाही. कोणीतरी टूथपेस्ट चोळायला सांगितली, म्हणून आधी इथे विचारतोय.

पुणेकर

टूथपेस्ट थांबवा! आणि एक सांगा, वरच्या बाजूला ‘भाग २’ कशाने लिहिलंय?

कोल्हापूरकर

बॉलपेनने. चांगलं दाबून.

पुणेकर

तिथेच घात आहे. सगळे खालची बाजू जपतात, ती तर १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिक आहे. तिच्यावरचा ओरखडा लेसरच्या नेमापासून लांब असतो, पुष्कळदा दिसतच नाही. माहिती असते वरच्या छपाईच्या लगेच खाली, मध्ये फक्त लॅकरचा पापुद्रा. बॉलपेनची टोकदार गोळी तो फाडून थर उखडते, मग खालून कितीही घासा. बल्बसमोर धरा, अक्षरांच्या जागी उजेड आरपार दिसला तर तेवढा भाग गेला.

थोडं तुटलं तर प्लेयर भरून काढतो. संगीताच्या सीडीत सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान आकडेमोडीने सावरता येतं. म्हणूनच सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही: आडवा ओरखडा प्रत्येक फेरीचा इवलासा भाग खातो, गोल ओरखडा एकाच ओळीवर लांबच लांब पसरतो. (डोंबिवलीकर, तुमच्या भैरवीसाठीही हेच, आधी ठसे पुसून बघा.) तुमचं अक्षर आतल्या कडेजवळ असेल तर अनुक्रमणिकाच गेली असेल, म्हणून घरचा प्लेयर घेत नाही. कॉम्प्युटरचा जुना डीव्हीडी रायटर असेल त्याच्याकडे न्या. वाचता येईल तेवढं उतरवून घेणारी सॉफ्टवेअर असतात. रात्रभर लागला तरी लागू द्या, मध्ये थांबवू नका. आणि पुढच्या वेळी लिहायचंच असेल तर मऊ टोकाचा मार्कर, तोही मधल्या पारदर्शक रिंगवर.

धागाकर्ती

माझ्या ओव्यांच्या सीडीवरही भाच्याने काय लिहिलंय ते आत्ता जाऊन बघितलं. स्केचपेन आहे, वाचलो. आणखी कुणाकडे पाच सीडीवाला चेंजर असेल तर जरूर लिहा. त्यांच्या लहरी म्हणे पाचपट असतात.

कोल्हापूरकर

भाचीच्या ऑफिसमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर भाग २ निघाला. मंगलाष्टकं पूर्ण आहेत, मामा रडताना दिसतात. उखाण्यापाशी चित्र गोठतं आणि पुढे थेट पंगत. बायकोला फोन करून विचारलं, उखाणा काय घेतला होतास? ती म्हणाली, मी घेतलाच नव्हता, तूच घेतला होतास.