खाणीच्या ढिगावर झाडं लावली म्हणजे जमीन परत आली का?

वर्धाकाठ (राजुरा)
आमचं सहा एकर काळं वावर कोळशाच्या ओपनकास्ट (वरून उघडी खोदतात त्या) खाणीत गेलं. मोबदला मिळाला, मोठ्या भावाला नोकरीही लागली, त्याबद्दल तक्रार नाही. परवा त्याच जागेवरच्या, खाणीतून काढलेल्या दगड-मातीच्या ढिगावर चढलो. वर सुबाभूळ, उतारावर विलायती बाभूळ, आणि पायाखाली चुरगळणारा शेल, म्हणजे पापुद्र्यांचा ठिसूळ खडक. मूठभर उचलला तर हाताला माती लागतच नाही, नुसती राखी धूळ. पावसानं जागोजागी घळी पडल्यात, तो गाळ थेट नाल्यात उतरतो. कागदावर मात्र याला जमीन पूर्ववत केली असं म्हणतात.

झाडं मोजू नका. वरची माती वेगळी ठेवली होती का, परत पसरली का, तिथं तूर येईल का, हे बघा. आणि जमीन गावाला परत द्या. ज्या १९५७ च्या कोळसा कायद्यानं ती घेतली, त्यात मूळ मालकाला परत देण्याची सोयच नाही.

सर्व्हेवाले काका
बाबा, माझी नोकरी ओपनकास्टमध्येच गेली, म्हणून लिहितो. खडक फोडला की फुगतो, जेवढा काढला तेवढाच परत खड्ड्यात मावत नाही. पहिल्या वर्षांचा ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरचा दगड-मुरूम, बाहेरच टाकावा लागतो आणि शेवटच्या कापाचा खड्डा उघडाच राहतो. सगळीकडे सपाट वावर मिळणार नाही, हे कुणीतरी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं.

पण झाडांना नावं ठेवू नका. आपल्याच चंद्रपूरजवळच्या पद्मापूर खाणीच्या ढिगावर नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सेंद्रिय पदार्थ टाकले, मुळांना मायकोरायझा बुरशी आणि जिवाणू खतं दिली, आणि त्या मेलेल्या मुरमात झाडं जगवली. आधी झाड, मग पाला, मग माती. याला वर्षं लागतात.

दुर्गापूरकर
काका, तुमचं हे जंगल आमच्या मागच्या दाराशी आलंय. ढिगांवर बाभळी माजल्या, त्यात रानडुकरं आली, मागोमाग वाघ-बिबटे. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात वाघानं कामगाराला मारलं, लगेच दुर्गापुरात बिबट्यानं एका पोराला नेलं. आमच्या गल्लीत आजही अंधार पडला की पोरांना एकटं सोडत नाहीत. कुठलं झाड, वस्तीपासून किती लांब, हे आधी ठरवा. नुसता हिरवा रंग नको.

नागपूरहून
चांगलंही बघा की. सावनेरला खाणीपाशी इको पार्क झालाय, भानेगावला ओव्हरबर्डनमधून वाळू काढली, खाणीतलं पाणी वीज केंद्राला दिलं. टाकाऊचा उपयोग होतोय.

वर्धाकाठ (राजुरा)
वाळू, पाणी, पार्क चांगलंच आहे, पण त्यातलं आमच्या गावाला काय? काका, खड्ड्याचं पटलं, तिथं तळंच होणार. ते तळं तरी गावाच्या नावे करा, मासेमारी करू, पाणी उपसू. पण बाहेरच्या ढिगाचा माथा तर सपाट आहे ना? त्यावर माती का नाही?

सर्व्हेवाले काका
कारण माती वर्षानुवर्षं उंच ढीग करून ठेवली की आतली जिवंत राहत नाही, आणि बऱ्याचदा ती ओव्हरबर्डनमध्येच मिसळते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. डोझरला घाई असते, माती वेगळी ठेवायची तर डंपरच्या जादा फेऱ्या लागतात. इथं मात्र तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

पैशाचा प्रश्न नाही. २००९ च्या खाणबंदी सूचनांप्रमाणे ओपनकास्टसाठी हेक्टरी ६ लाखांच्या हिशेबानं एस्क्रो खात्यात (या कामासाठीच राखलेल्या बँक खात्यात) रक्कम भरत जावी लागायची. दर पाच वर्षांनी काम दाखवून त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत घेता यायची. 'काम' म्हणून काय दाखवलं, ते विचारा. खाणीच्या आराखड्यात किती घनमीटर माती निघणार आणि कुठे ठेवणार, हे लिहिलेलं असतं. माहिती अधिकारात तेवढ्या दोनच गोष्टी मागा.

दुर्गापूरकर
आमच्या बाजूच्या ढिगांचीही माहिती मागतो.

वर्धाकाठ (राजुरा)
सोमवारी अर्ज टाकतो, आमच्या वावराचा गट नंबर घालून. काका, मसुदा एकदा नजरेखालून घालाल का?