दहा बाइक लेहला न्यायच्या तर चढायचं कुठून: मनालीकडून की श्रीनगरकडून?

घाटमाथा
२० जूनच्या आसपास दहा बाइक निघतायत. पाच क्लासिक ३५०, तीन हिमालयन ४११, दोन एक्सपल्स २००. चौघांच्या मागे पिलियन, म्हणजे माणसं चौदा. बाइक पुण्याहून झेलम एक्सप्रेसने अंबाल्याला आणि तिथूनच परत, मधे हातात बारा दिवस. ग्रुपात दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडतोय.

माझं मत: मनालीकडून चढावं, श्रीनगरकडून उतरावं. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा चिखल आणि ४६ किमी दोन्ही वाचतात. अंबाल्याहून मनाली जवळ, शिवाय जम्मू-श्रीनगर रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत एक दिवस जात नाही. मुक्काम जिस्पा, सरचू आणि तिसऱ्या रात्री लेह. श्रीनगरकडून चढण्याचा आग्रह धरणारे फक्त 'विरळ हवा, विरळ हवा' करतात. गोळ्या घेऊन, पाणी पिऊन एवढं जमत नाही का?

फोतुला
नाही जमत. आकडेच बघा ना.

श्रीनगर १५८५ मीटर, सोनमर्ग २७४०, कारगिल २६७६, लेह ३५००. हे झोपण्याच्या जागांचे आकडे आहेत. वाटेत झोजी ला ३५२८ आणि फोतु ला ४१०८ या खिंडी ('ला' म्हणजे खिंड) चढता, पण त्याच दिवशी उतरताही. त्रास होतो तो कुठे झोपता त्यावरून, खिंडीत दहा मिनिटं उभं राहून फोटो काढल्यानं नव्हे. लामायुरूला एक रात्र घातलीत तर आणखी बरं, ती जागा साधारण लेहच्याच उंचीवर आहे.

आता तुमचा बेत. मनाली २०५०, जिस्पा ३२००, सरचू ४२९०. जिस्पा ते सरचू एका रात्रीत जवळपास ११०० मीटर. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रात्रीला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा डोंगरी वैद्यकातला सर्वसाधारण नियम. तुम्ही तो दुपटीने मोडताय, तोही चौदा जणांना घेऊन. चौदातल्या एकाला तरी रात्री दोन वाजता डोकं फुटल्यासारखं दुखणार आणि ओकाऱ्या होणार, हे धरूनच चाला. त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. सरचूहून उतरणार कुठे? मागे बारालाचा खिंड ४८९०, पुढे गाटा लूप्सची २१ वळणं आणि नकी ला ४७४०. उतरण्यासाठी आधी चढावं लागतं अशी ती जागा आहे. पुढच्या पांगच्या तंबूंचं तेच: एका बाजूला लाचुंग ला ५०६०, दुसऱ्या बाजूला तांगलांग ला ५३२८.

गोळीबद्दल: असेटाझोलामाइड बहुतेकांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. ती शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, ११०० मीटरची उडी माफ करत नाही.

तेरादाती
फोतुला, सरचूचं मान्य. सरचूला झोपूच नये. पण त्यावरून मनाली बाद करणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं झालं.

जिस्पाला दोन रात्री काढा. मधल्या दिवशी रिकाम्या गाड्यांनी बारालाचाच्या अलीकडे सूरजतालपर्यंत जाऊन परत या. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून थेट लेह, अंदाजे ३३५ किमी. झोप ३२०० वरून ३५०० वर, म्हणजे उडी तीनशेची. जिस्पापुढच्या दारचा गावानंतरचे नाले सकाळी गुडघ्याच्या खाली असतात. दुपारनंतर बर्फ वितळून तेच पाणी मांडीला लागतं, म्हणून बारालाचा दहाच्या आत पार झालाच पाहिजे. संध्याकाळी सहा-सातला लेहच्या अलीकडच्या कारूत.

श्रीनगरवाल्यांनी हेही सांगावं की तुम्ही उतरणार कुठून? मनालीकडूनच ना? जुलैच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलात पावसाळा लागलेला असतो. जुलै २०२३ मध्ये बियासने मंडी-कुलू-मनाली रस्त्याचे काय हाल केले ते सगळ्यांनी पाहिलं. परतीच्या गाडीचं बुकिंग डोक्यावर आणि पुढे दरड, त्यापेक्षा तो पट्टा जूनमध्येच मोकळा करून टाकलेला बरा.

फोतुला
पावसाचा मुद्दा वजनदार आहे, तो नाकारत नाही. पण धागाकर्त्यांच्या बेतात परतीला श्रीनगर आहे आणि अमरनाथ यात्रा साधारण जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला चालू होते. २०२४ ला २९ जून, २०२५ ला ३ जुलै. सोनमर्ग-बालटाल पट्टा आणि जम्मू रस्ता, दोन्हीकडे ताफ्यांच्या वेळा पाळाव्या लागतात. २०-२२ जूनला श्रीनगरकडून चढलात तर यात्रेआधी निसटता, उतरलात तर तिच्यात सापडता. दरड की ताफा, एक निवडावंच लागेल.

स्वीप
दोन्ही बाजू एका रायडरच्या गणिताने बोलतायत. इथे दहा गाड्या आहेत. दहांचं गणित वेगळं.

तेरादाती, तुमचा पहाटे पाच ते संध्याकाळी सात हा बेत एकट्याला किंवा तिघांना जमतो. दहा गाड्यांत पाचला निघायचं म्हणजे सव्वासहा. चहाला थांबलं की पाऊण तास, कारण सगळ्यात हळू रायडर पोचतो तेव्हा पहिल्याचा चहा संपलेला असतो आणि हळूवाल्यालाच विश्रांती मिळत नाही. मागच्या चाकाचं एक पंक्चर म्हणजे सामान उतरवणं, चाक काढणं, ट्यूब घालणं. ४५०० मीटरवर धापा टाकत हे काम तासाचं. अशी दोन विघ्नं आली की अंधार मोरे मैदानाच्या अलीकडेच गाठतो आणि झोप पांगच्या तंबूत, ४६०० वर. म्हणजे सरचूहूनही वर. तुमची तीनशेची उडी कागदावरच राहिली.

म्हणून ग्रुपाने मार्ग ठरवताना प्रश्न एकच विचारावा: अडकलो तर कुठे अडकू? श्रीनगर बाजूला झोजी ला बंद झाला तर सोनमर्गला अडकता, २७४० वर. पुढे काही बिघडलं तर द्रास, कारगिल, मुलबेख, लामायुरू, खालसी अशी गावं आहेत, दवाखाने आहेत. मनाली बाजूला दारचा सोडलं की लेहकडच्या रुमत्से गावापर्यंत तंबूच. तिथे अडकायचंच असेल तर परतताना, काही दिवस लडाखात काढून शरीर सरावल्यावर.

तेरादाती
मग दोष रस्त्याचा की दहाच्या घोळक्याचा? पाच-पाचचे दोन गट करा, एका दिवसाच्या अंतराने सोडा. प्रश्न मिटला.

स्वीप
एका दिवसाचं अंतर नको, मग सोबतची बॅकअप गाडी एकाच गटाकडे राहते. अर्ध्या तासाचं ठेवा. पण पाच-पाच करा हे शंभर टक्के बरोबर. प्रत्येक गटाला आपला लीड (सगळ्यात पुढचा), आपला स्वीप (सगळ्यात मागचा), आपलं पंक्चर किट. लीड वेगवान नको, दुसऱ्या क्रमांकावर सगळ्यात नवखा ठेवा आणि लीडने आरशात त्याला बघत वेग ठेवायचा. स्वीपला गाडी दुरुस्त करता आली पाहिजे, कारण बंद पडलेल्या गाडीपाशी पोचणारा तोच. सपाट रस्त्यावर एकाआड एक डावी-उजवी रांग ठीक आहे, घाटात मात्र एकेरी. फाटा आला की प्रत्येकाने मागचा दिसेपर्यंत थांबायचं, मागचा दिसला की निघायचं. एवढा एक नियम पाळला तर वॉकी-टॉकीवाचूनही माणूस चुकत नाही. लडाखात बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, प्रत्येक गटात निदान दोन पोस्टपेड असू द्या.

कार्ब्युरेटर
उंचीवर खूप लिहून झालं, गाड्यांकडे या. धागाकर्ते, पाच क्लासिकपैकी पिलियन किती गाड्यांवर आहेत? ५००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५४ टक्के उरतो. इंजेक्शन असलेली गाडी पेट्रोल कमी करून मिश्रण सांभाळते, पण नसलेली हवा कुठून आणणार? वीस घोड्यांची क्लासिक तिथे अकरा-बारा घोड्यांची होते. त्यावर दोन माणसं, सॅडल बॅगा आणि चिखलातला चढ. रायडर काय करतो? पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा दाबून रेझ करत राहतो. चार-पाच किमीत जळका वास, मग रेझ केलं तरी गाडी पुढे सरकत नाही. क्लचप्लेट गेली. मनाली असो की झोजी ला, घोळक्याची दिवसभराची खोटी होते ती बहुतेक याच कारणाने.

उपाय: चढ खराब दिसला की पिलियन उतरून चालेल, लाज नको. क्लच पूर्ण सोडून पहिल्यातच गाडी रडतखडत जाऊ द्या. निघण्यापूर्वी लिव्हरला थोडा ढिलेपणा राहील अशी केबल लावा. ताणून लावलेली केबल प्लेट सतत घासवते. पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने लहान केलं तर आणखी सोपं. कुणाची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर प्लग काळा पडणारच. एअर फिल्टर साफ करा, मिश्रणाचा स्क्रू हवेकडे सरकवा आणि खाली उतरल्यावर आठवणीने पूर्ववत करा, नाहीतर सपाटीवर इंजिन तापतं.

नाला ओलांडायची पद्धतही लिहितो, कारण घोळक्यात इथेच ढकलाढकल होते. लीडने उतरून आधी चालत जायचं. पाणी खळखळतं तिथे उथळ, शांत दिसतं तिथे खड्डा. एका वेळी एकच गाडी पाण्यात. पहिला गिअर, रेझ एकसारखी, नजर पलीकडच्या काठावर. चाकापुढच्या दगडाकडे बघितलं की गाडी त्याच दगडावर जाते. दोघेजण पाण्यात प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभे. गाडी पडलीच तर आधी किल स्विच, मग गाडी उचला. सायलेन्सरातून पाणी गेलं असेल तर सेल्फ मारत बसू नका. प्लग काढून किक किंवा सेल्फने पाणी बाहेर फेका. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलका दाबत शंभर मीटर चालवा आणि संध्याकाळी चेनला तेल द्या.

घाटमाथा
पिलियन तिन्ही हिमालयनवर आणि एका क्लासिकवर आहेत. त्या क्लासिकचं स्प्रॉकेट बदलून घेतो. पेट्रोलचं काय? मनाली-लेह रस्त्यावरच्या तांदीच्या पंपावरची ती 'पुढचा पंप ३६५ किमी' वाली पाटी अजून खरी धरायची?

कार्ब्युरेटर
मध्ये पंप नाही असंच धरून चाला. तांदी ते कारू ३३०-३४० किमी. हिमालयनची टाकी १५ लिटर, २८ च्या ॲव्हरेजने निभावते. क्लासिकची १३ लिटर; कागदावर ३६४ किमी, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ॲव्हरेज २५ वर आलं की ३२५. म्हणून दर क्लासिकला तीन-चार लिटर जास्तीचं. एक्सपल्सला चिंता नाही. कोल्ड्रिंकच्या बाटल्या नकोत, डब्बाच घ्या आणि काठोकाठ भरू नका. खाली भरलेला डबा वर फुगतो, झाकण उघडलं की पेट्रोल तोंडावर उडतं. झाकण हळू फिरवा, शेजारी सिगारेटवाला नको.

दुसरी बारीक गोष्ट, टायर. मीटर बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. खाली २८ भरलेली हवा पाच हजारावर, थंडीची वजावट धरूनही, ३१-३२ दाखवते. तिथे लोक हवा सोडतात आणि खाली आल्यावर टायर बसतो, दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. एकाच पंक्चरला शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर कारण हे. वर सोडलीत तर उतरल्यावर भरा. स्पेअर ट्यूब पुढची आणि मागची वेगळी, क्लच आणि ॲक्सिलरेटर केबल प्रत्येक मॉडेलची, प्लग, क्लच-ब्रेक लिव्हर, चेनची जोडकडी, फ्यूज, एम-सील, एक लिटर ऑइल. क्लासिकचा क्लचप्लेट सेट एक, तो बॅकअप गाडीत.

एकलकोंडा
बॅकअप गाडी, स्वीप, वॉकी-टॉकी... वरात आहे की राइड? तिघं जा, टूलकिट घ्या, सुटा. सामान गाडीत टाकलं की माणूस बाइकवर लक्ष देत नाही.

स्वीप
तिघं गेले तर तुमचंच बरोबर. चौदात चार पिलियन असताना मात्र बॅकअप गाडी सामानासाठी नसते, आजारी माणसासाठी असते. ४५०० वर चक्कर येणाऱ्याला बाइकवर बसवून कोण उतरवणार? गाडीत ऑक्सिजनचा खरा सिलिंडर ठेवा, मास्क आणि रेग्युलेटरसकट. दुकानात मिळणारे फवाऱ्यासारखे कॅन काही मिनिटांत संपतात. ऑक्सिमीटर गार बोटावर खोटं बोलतो, आधी हात चोळून गरम करा. आणि आकड्यापेक्षा माणूस बघा: टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून फेस येत असेल, तर पहाटेची वाट न बघता खाली. या कामात गटाचं मत घ्यायचं नाही, स्वीप सांगेल ते.

फोतुला
आणि कुणी मनालीत भाड्याने बाइक घेणार असेल तर नुब्रा-पांगाँगला ती नेऊ देत नाहीत, लडाखच्या बाहेरच्या भाड्याच्या गाड्या स्थानिक युनियन अडवते. स्वतःच्या नावावरची असेल तर अडचण नाही. आरसीची मूळ प्रत जवळ ठेवा.

तेरादाती
श्रीनगरकडून चढा, ठीक. पण मनालीकडे उतरताना दोन दिवस राखीव ठेवा, नाहीतर माझा पावसाचा मुद्दा तुम्हाला मंडीत भेटेल. पांगाँग किंवा नुब्रा, एक कापा. रात्र थोडी सोंगं फार झालंय. तांगलांग ला-बारालाचाची बाजू खराब असल्याची बातमी लेहमध्येच लागली तर निम्मू-पदुम-दारचा हा पर्याय आहे. शिंकू ला ५०९१ आहे, पण पदुममध्ये, ३६०० च्या आसपास, झोपायला मिळतं.

घाटमाथा
सरचूची रात्र वगळली. नवा बेत: अंबाला-जम्मू, श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल, लामायुरू, लेह दोन रात्री, नुब्रा एक, लेह परत, मग जिस्पा, मनाली, अंबाला. अकरा रात्री, म्हणजे बाराही दिवस भरले. नुब्रा ठेवली तर राखीव दिवस उरत नाही. ग्रुपात आता यावरून तिसरा तट पडलाय.

स्वीप
सोनमर्गची रात्र ठेवा. ती वगळून श्रीनगरहून एका दिवसात कारगिल गाठायचं म्हणाल तर झोजी ला तुम्हाला भर दुपारी, चिखलात, ट्रकांमागे लागेल. नुब्रा काढा.