सहाव्या होलचा नाला: खुंट्या लाल लावू की पिवळ्या, आणि नेमक्या कुठे?

नाल्याकाठी_६
नमस्कार मंडळी. आमचा छोटा नऊ होलचा गोल्फ कोर्स आहे, यंदा मार्किंगचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि मला ते नीट करायचंय म्हणून विचारतोय. सहावा होल पार ३ आहे, म्हणजे तीन फटक्यांत पुरा करायचा. ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवताच्या, पुढून एक नाला आडवा जातो आणि मग वळून उजव्या बाजूने ग्रीनला धरूनच पुढे जातो. फेब्रुवारी ते मे ठणठणीत कोरडा, पाऊस सुरू झाला की घोट्याएवढं पाणी, जोराचा झाला तर काठाबाहेर. वर्षानुवर्षं तिथे चारच खुंट्या आहेत, त्यातल्या दोनांचा रंग पिवळा की लाल हेसुद्धा आता सांगता येत नाही.

रविवारी मंथली मेडलला, म्हणजे आमच्या महिन्याच्या स्पर्धेला, काय झालं ते सांगतो. एकाचा बॉल वळणावर पाण्यात गेला, दिसत होता, अर्धा बुडालेला. त्याचं म्हणणं की बॉल खुंट्यांच्या बाहेर आहे म्हणजे हे पावसाचं साचलेलं पाणी, फुकट ड्रॉप (दंड न घेता बॉल उचलून बाहेर टाकणं) मिळाला पाहिजे. त्याचा स्कोअर लिहिणारा मार्कर म्हणाला अरे हा नालाच आहे, एक स्ट्रोक दंड घे. मग माळीदादांकडून सुतळी आणली, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत ताणली, मधे चाळीस एक पावलांचं अंतर होतं. नाला तिथे बाहेरच्या बाजूला फुगलाय आणि सुतळी आली सरळ, बॉल खरंच सुतळीच्या वीतभर बाहेर होता. मी फुकट ड्रॉप दिला. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये की मी बरोबर केलं का. आणि आता नव्याने मार्क करायचं तर रंग कुठला, खुंटी कुठे?

रूलबुक_काका
तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो, निर्णय चुकला. नियम १७.१ए च्या खुलाशात अगदी हाच प्रसंग आहे. कमिटीने खुंट्या चुकीच्या जागी ठोकल्या तर त्या चुकीचा फायदा खेळाडूला घेता येत नाही, जी जागा उघड उघड नाल्याचाच भाग आहे ती पेनल्टी एरियाच (पाण्याचा असा भाग, जिथून बॉल बाहेर काढला तर एक स्ट्रोक दंड), सुतळी काहीही म्हणो. अहो एकही खुंटी नसती तरी नाला हा पेनल्टी एरियाच असतो, कोरडा असला तरी, आणि कमिटीने रंग ठरवलेला नसेल तर तो लाल धरायचा. रिझल्ट फायनल झाला असेल तर तो निर्णय आता तसाच राहील, त्या खेळाडूला काही करू नका.

आता खुंटी कुठे. पाण्याच्या कडेला नाही! सपाट जमीन जिथे संपते आणि उतार सुरू होतो तिथे, म्हणजे काठ जिथे तुटतो त्या ओठावर. बहुतेक कोर्सवर हीच चूक असते. खुंटी खाली पाण्याजवळ ठोकली की बॉल उतारावर अडकतो, एक पाय वर एक पाय खाली, आणि नियमाने तो पेनल्टी एरियाच्या बाहेर. मग अनप्लेएबल घेतला (बॉल खेळण्यासारखा नाही म्हणून दंड घेऊन उचलला) तर दोन क्लबच्या लांबीएवढं अंतर मोजायचं ते बॉलपासून, म्हणजे परत उतारावरच. तोच उतार आत घेतला असता तर बॉल जिथून आत गेला तिथून, वरून मोजता आलं असतं.

वळणावर खुंट्या जवळजवळ लावा. हद्द म्हणजे दोन खुंट्यांच्या जमिनीलगतच्या बाहेरच्या कडा जोडणारी सरळ रेघ, ती रेघ कुठेही पाण्यावरून जाता कामा नये. रंगाची रेघ मारली तर उत्तम, मग हद्द रेघ ठरवते आणि खुंट्या फक्त लांबून दिसायला. रेघेला बॉल नुसता टेकला तरी आत. आणि हे सगळं बरोबर केलंत की तुमचा पावसाचा प्रश्न आपोआप सुटतो, कारण नाला फुगून पाणी बरोबर लावलेल्या हद्दीबाहेर आलं तर ते बाहेरचं पाणी टेम्पररी वॉटर, तिथे फुकट ड्रॉप द्यायचाच.

पार३_प्रेमी
काकांशी सहमत, पण रंग कुठला लावायचा हे कोणी बोललं नाही आणि माझ्या मते तुमच्या होलवर तीच मुख्य गोष्ट आहे. २०१९ पासून वॉटर हॅझर्ड शब्द गेला, पेनल्टी एरिया आला, आणि कमिटीला सगळं लाल करायची मोकळीक मिळाली, तेव्हापासून जिकडे तिकडे लालच लाल. खेळ भरभर होतो हे मान्य. पण ग्रीनपुढचा आडवा भाग लाल करू नका हो. समजा बॉल नाला ओलांडून ग्रीनवर पडला आणि उतारावरून मागे घरंगळत पाण्यात आला, तर तो शेवटचा आत आला ग्रीनच्या बाजूने. लाल असेल तर तिथूनच दोन क्लबमधे, होलच्या जवळ न जाता, ड्रॉप, जागा मिळाली तर ग्रीनच्या काठावरूनच चिप (छोटा उचलता फटका) आणि पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका). पिवळा असेल तर एकतर टीवर, जिथून पहिला फटका मारला तिथे, परत जा नाहीतर तो बिंदू आणि झेंडा एका रेषेत धरून नाल्याच्या अलीकडे या आणि पाणी पुन्हा ओलांडा. पार ३ ची सगळी मजा त्या ओलांडण्यात आहे, ती कोणी काढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. उजवीकडची बाजू मात्र लालच, तिथे रेषेत मागे जायला जागाच मिळणार नाही. पिवळं संपून लाल जिथे सुरू होतं तिथे दोन्ही रंगांच्या खुंट्या शेजारी शेजारी ठोका.

फक्त पिवळ्याचे दोन पर्याय लोकांना समजावून सांगा. २०१३ च्या मास्टर्समधे १५व्या होलवर टायगर वुड्सचा बॉल झेंड्याच्या काठीला लागून पाण्यात गेला, तो आधीच्याच जागेवरून खेळायचं म्हणून ड्रॉप करत होता पण दोनेक यार्ड मागे केला, दोन स्ट्रोकचा दंड बसला. त्याचं असं होऊ शकतं तर मंथली मेडलवाल्यांचं काय.

माळीकाम_नाशिक
मी आधी बरीच वर्षं कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) होतो आता माळीकाम बघतो. साहेब लोक नियम सांगतात ते बरोबरच आहे पण खुंटी जागेवर राहिली तर नियम. होतं काय, पेनल्टी एरियाची खुंटी शॉटच्या आड आली की उपटायची परवानगी आहे (पांढरी मात्र हलवायची नाही, ती कोर्सची हद्द) मग उपटतात, कॅडीच्या हातात देतात, शॉट मारून पुढे जातात आणि कॅडी घाईत जवळपास कुठेतरी खुपसतो. महिन्याभरात हद्द दोन हात सरकते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे. वीतभर पीव्हीसी पाइपचा तुकडा जमिनीच्या पातळीला गाडायचा, खुंटी त्यात बसवायची, निघते पण आणि जाते पण त्याच भोकात. सिमेंटमधे पक्की करू नका, मग आतला बॉल खुंटीला अडला तर खेळाडूला फुकट सुटका मिळत नाही, वाद होतो.

गेरूची रेघ मारू नका, एका सरीत वाहून जाते. ऑइल पेंट खुंटीला दोन हात, आणि रेघेसाठी स्प्रेचा डबा, गवत कापल्यावर पुन्हा मारायचा. श्रावणात गवत गुडघ्याला येतं, खुंटी कमरेएवढी ठेवा, आणि तिच्या बुडाशी हाताने गवत काढा, ट्रिमरची दोरी लागली की बुडाचा रंग सोलतो. आणि एक, टीवर उभं राहून बघा खुंट्या दिसतात का. बॉल कुठून आत गेला हे तिथूनच ठरतं, नाल्यावर पोचल्यावर सगळे आपल्या सोयीची जागा दाखवतात.

डावखुरा७७
एक विनंती. मला लाल हिरवा फरक कळत नाही. हिरव्या गवतात लाल खुंटी मला सुकलेल्या काठीसारखी दिसते, पिवळी लगेच दिसते. दोन रंग ठेवणार असाल तर स्कोअरकार्डवर आणि टीच्या पाटीवर शब्दात लिहा, "पुढचा नाला पिवळा, उजवीकडचा लाल". दरवेळी पार्टनरला विचारायला नको वाटतं.

नाल्याकाठी_६
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, त्या मार्करला फोन करून सांगितलं की तू बरोबर होतास. आज सकाळी दादांना घेऊन नाला पायी फिरलो, काठ तुटतो तिथे तिथे चुन्याचे ठिपके टाकले आणि मोजले तर चारच्या जागी सतरा झाले, एकट्या त्या वळणावर पाच. पुढचा भाग पिवळा ठेवतोय. पण अडचण अशी की रेषेत मागे आलं की बाभळीची झुडपं आहेत, म्हणून अलीकडच्या मोकळ्या पट्ट्यावर ड्रॉपिंग झोन (बॉल टाकायची ठरलेली जागा) आखून तो जादा पर्याय म्हणून लोकल रूलमधे, म्हणजे आमच्या कोर्सपुरत्या नियमात, घालतोय. पाटीचा मजकूर डावखुरा यांनी लिहिलाय तसाच्या तसा घेतला.

पाइप किती खोल गाडू? आमच्याकडे वर काळी माती, खाली लगेच मुरूम लागतो.

माळीकाम_नाशिक
मुरूम लागेपर्यंत जा, तिथे घट्ट बसतो. काळ्या मातीतच ठेवलात तर उन्हाळ्यात भेगा पडल्या की कलंडेल. आणि पुढचा मोठा पाऊस झाला की लगेच जाऊन फोटो काढून ठेवा, पाणी खुंटीच्या बाहेर कुठवर आलं ते.