मच्छीमार महिलांसोबत काम करताना उपयोगी पडणारी साधने

प्रश्न (हर्णै, ता. दापोली) : बंदरावर मासळी विकणाऱ्या व सुकवणाऱ्या महिलांच्या बचतगटांबरोबर आम्ही काम करतो. निधीच्या अर्जाला आधार म्हणून देता येईल असे विश्वासार्ह साहित्य कोणते?

उत्तर : ताई, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची लघु मत्स्यव्यवसायाविषयीची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे आधी वाचावीत. मासळी पकडण्याइतकेच ती साफ करणे, सुकवणे व विकणे हेही मत्स्यव्यवसायाचेच काम आहे असे त्यांत मानले असून, स्त्री-पुरुष समानतेला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. मच्छीमार स्त्रियांविषयीचे ‘येमाया’ हे नियतकालिकही जरूर पाहावे. ते मोफत मिळते.

उत्तर : आकडेवारीसाठी केंद्र सरकारचे २०१९ चे वेळ-वापर सर्वेक्षण घ्या. त्यानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७. मात्र हे आकडे देशपातळीचे आहेत, म्हणून लिलावाची वाट पाहणे, बर्फ आणणे, वाकटी-बांगडे वाळत घालून कावळ्यांपासून राखणे, यात जाणारा वेळ महिलांशी बोलून तुम्हीच नोंदवावा. माझ्या मते अर्जाचे खरे बळ त्यातच आहे.

उत्तर : १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) जवळच्या लोकसंचालित साधन केंद्रात, म्हणजे बचतगटांच्या संघाने चालवलेल्या केंद्रातही, चौकशी करावी.