विषय: महिंद्रा थार गाडीला आधी काय बसवावं?
पुढे लोखंडी बुलबार (बंपरपुढचा जाड नळ्यांचा गार्ड) लावू का, असं तुम्ही विचारलंय. नकोच. डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने ते बेकायदा ठरवलेत, शिवाय धडकेचा जोर थेट चॅसीवर, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्यावर, गेला की एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं. त्याच पैशात गाडीच्या पोटाखाली स्किड प्लेट (खालचे भाग दगडांपासून वाचवणारा पत्रा) घ्या, स्टीलचीच. सह्याद्रीतल्या काळ्या दगडावरून स्टील घसरत पुढे जातं. अॅल्युमिनियम हलकं खरं, पण खरवडतं आणि अडकतं. प्लेटला ऑइल बदलायला झाकण आणि चिखल निघायला भोकं हवीतच. कोकणात जाणार असाल तर पावडर कोटिंगवर (भुकटी भाजून चढवलेल्या रंगावर) विसंबू नका, ओरखडा पडला की तिथूनच गंज धरतो. मी दर पावसाळ्यानंतर प्लेट उतरवून धुतो. आणि हो, गाडी ओढून काढायचा हूक चॅसीला बोल्ट केलेला असू द्या, बंपरला नाही.