माळ्यावर मोडी कागद सापडलेत, वाड्याचा इतिहास कुठे शोधू? (पुणे)

पेठेतला_पक्या: आमचा वाडा पाडायला काढलाय. माळा रिकामा करताना पत्र्याच्या ट्रंकेत मोडीतले कागद निघाले, काहींवर शिक्के पण आहेत. काका म्हणतायत लॅमिनेट करून फ्रेम करू. मला आधी वाडा कधीचा, कुणी बांधला ते कळायला हवंय. पेशवे दफ्तरात मिळेल का?

रुमालवाली: काकांना आधी थांबवा!! लॅमिनेशनचं प्लास्टिक गरम होऊन कागदाला जे चिकटतं ते परत निघत नाही. सेलोटेपपण नको. उजेडात मोबाईलने फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून, आणि पाठीमागचे पण काढा, कारण लांब कागद जोडून केलेला असेल तर जोडावर मागून शिक्का असतो आणि तेच कुणी बघत नाही.

दफ्तरी_माणूस: पेशवे दफ्तर म्हणजे कौन्सिल हॉलजवळचं पुराभिलेखागार, राज्य सरकारचं आहे, महापालिकेचं नाही. मोडीचे रुमालच (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) 35 हजारांच्या आसपास आहेत, त्यामुळे 'आमचा वाडा दाखवा' म्हणून काही हाती लागत नाही. इंग्रजांनी इनाम कमिशनच्या वेळी हे दफ्तर गोळा केलं ते जमिनी आणि इनामं तपासायला, घरांचा इतिहास लिहायला नव्हे. पूर्वजाचं नाव, मूळ गाव, परगणा एवढं घेऊन जा, मग रुमाल मागवता येतो. त्याआधी इतिहासकार गो. स. सरदेसायांनी या दफ्तरातून निवडून छापलेले 45 खंड चाळा, ते देवनागरीत आहेत. आणि नुसती मालकी बघायची असेल तर सिटी सर्व्हेला जाऊन प्रॉपर्टी कार्ड काढा ना, ते सोपं पडेल.

रुमालवाली: +1. ट्रंक घरी सांभाळणं जमणार नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात विचारून बघा, 1910 पासून लोकांच्या घरचे कागद तिथे येतायत. फक्त जे गठ्ठे जसे बांधलेत तसेच राहू द्या, 'नीट लावायच्या' भानगडीत पडू नका, कुठला कागद कुणाबरोबर होता हीच निम्मी माहिती असते.

पेठेतला_पक्या: भारी, थँक्स. काका तूर्तास गप्प आहेत 😅 एका कागदाचा फोटो ओळखीतल्या मोडीवाल्यांना पाठवला होता, त्यांनी 'सीत सितैन मया व अलफ' असं वाचलंय. हे काय प्रकरण?

दफ्तरी_माणूस: सुहूर सन आहे तो, म्हणजे जुन्या मराठी कागदांवरची कालगणना, अरबी आकडे, एककापासून वाचायचे. सहा, साठ, शंभर, हजार, म्हणजे 1166. त्यात 599 मिळवा, 1765-66 येतं. थोरल्या माधवरावांचा काळ! पण हे साल कागदाचं झालं, वाड्याचं नव्हे. नाव आणि गावाची ओळ वाचून घ्या आधी.