माऊस धरला की मनगट ठणकतंय, काय घेऊ?

शहापुरात डीटीपी करतोय, दिवसभर मराठी-कन्नड लग्नपत्रिका. दोन महिने झालं उजवं मनगट ठणकतंय, आता चहाचा कप उचलताना पण कळ येत्या. व्हर्टिकल (उभा धरायचा) माऊस घेऊ की ट्रॅकबॉल (माऊस न हलवता वरचा गोळा फिरवायचा)?

खानापूरकर: व्हर्टिकल घे की, हात शेकहँड केल्यासारखा उभा राहतोय. पण दुकानात हातात धरून बघ, मी ऑनलाइन लहान साईज मागवून फसलोय.

निपाणीकर: अंगठा दुखत असला तर अंगठ्यानं फिरवायचा ट्रॅकबॉल नकोच, मधे मोठा गोळा असलेला, बोटांनी फिरवायचा बघ. तोवर माऊस डावीकडं घे, सेटिंगमध्ये बटणं उलटी करता येत्यात, आठ दिवस चिडचिड होत्या मग सवय लागत्या.

वहिनी_टिळकवाडी: रात्री अंगठा, पहिली दोन बोटं मुंग्या येऊन जाग येत्या काय? मग खरेदी राहू दे, आधी डॉक्टरला दाखवा.

मूळ प्रश्नवाला: व्हय वहिनी, रोज येत्यात. सोमवारी जातो.